नियमामागचं कारणही द्या
दुहेरी बंध असलेल्या कार्बनी संयुगांना हायड्रोजन ब्रोमाइड (एचबीआर) कसं जोडलं जातं, यावरचा तुमचा लेख छान आहे, पण नवा हायड्रोजन कुठल्या कार्बनला जोडला जाईल हे सांगणारा मार्कोव्हनिकॉव्हचा नियम ‘जिथे हायड्रोजन जास्त, तिथेच नवा हायड्रोजन’ एवढ्यावर सोडून दिलात, ते खटकलं. प्रोपीनमध्ये (तीन कार्बनची साखळी, एका टोकाला दुहेरी बंध) एचबीआरचा प्रोटॉन, म्हणजे धनभारित हायड्रोजन, दुहेरी बंधाच्या टोकाच्या कार्बनला जोडला गेला, की धनभार मधल्या कार्बनवर येतो आणि दोन्ही बाजूंचे मिथाइल (CH₃) गट तो सावरून धरतात. म्हणून ब्रोमीन त्या मधल्या कार्बनला जोडला जातो आणि २-ब्रोमोप्रोपेन मिळतं. हे एकदा कळलं की पाठांतर लागतच नाही.

आणि पेरॉक्साइडचा (दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडलेल्या संयुगाचा) उल्लेख हवाच होता! अलाइल ब्रोमाइडवर (यातही दुहेरी बंध असतो) एचबीआरची क्रिया केली की कधी एक पदार्थ मिळायचा, कधी दुसरा. हवेमुळे तयार होणारं पेरॉक्साइड त्याला कारणीभूत आहे, हे रसायनशास्त्रज्ञ खराश आणि मेयो यांनी १९३३ मध्ये दाखवलं. तिथे आधी ब्रोमीनचा रॅडिकल (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला अणू) टोकाच्या कार्बनला जोडला जातो, म्हणून प्रोपीनपासून १-ब्रोमोप्रोपेन मिळतं. एचसीएल (हायड्रोजन क्लोराइड) आणि एचआयला (हायड्रोजन आयोडाइडला) मात्र पेरॉक्साइडचा हा परिणाम लागू नाही. परीक्षेत मुलं नेमकी तिथेच चुकतात.