हनुमानफळ, कॅन्सर आणि ते '१०,००० पट'

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर पुन्हा तोच मेसेज फिरतोय : हनुमानफळ (सीताफळाच्या कुळातलं काटेरी फळ) केमोपेक्षा १०,००० पट जोरात कॅन्सर मारतं, औषध कंपन्यांनी हे दडवलं. खाली कुणीतरी शेपूट जोडलंय, हनुमानफळ नाही मिळालं तर सातपुड्यातलं सीताफळ चालेल, बियांसकट वाटून घ्या.

आकडा अगदीच हवेतला नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी हनुमानफळाच्या बियांतून एक घटक वेगळा काढला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या कॅन्सरपेशींवर तो ॲड्रियामायसिन या केमोच्या औषधापेक्षा तेवढ्याच पटीने तीव्र ठरला. हे त्यांनी छापलंही; दडवलं कुठे? पण तो रस नव्हता, गर नव्हता, आणि समोर माणूस तर नव्हताच. बशीतल्या पेशी फिनाइलनेही मरतात.

वनस्पतीतून औषध निघतं, यात वाद नाही. दारातल्या सदाफुलीतूनच व्हिन्क्रिस्टिन मिळालं, रक्ताच्या कॅन्सरवर आजही देतात. मात्र शिरेतून, मिलिग्रॅममध्ये मोजून.

बियांचा सल्ला तर घातकच. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावतात. ती डोळ्यात गेली की बुबुळाला जखम होते. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडेलूप बेटावर हनुमानफळ आणि त्याच्या पानांचा काढा नेमाने घेणाऱ्यांत पार्किन्सनसारखा (कंपवातासारखा) आजार जास्त आढळला. संशय या फळातल्या ॲनोनासिन या द्रव्यावर आहे.

सीताफळाचा गर खुशाल खा, बिया थुंकून. केमो चालू असेल तर कुठलाही काढा किंवा अर्क घेण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला, आणि केमोची तारीख चुकवू नका.