उद्या लेस्टरला गुडिसन सोबत येणार नाही

आज ७ मे २०२२. लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन या फुटबॉल क्लबची जुनी मंडळी ही तारीख विसरत नाहीत. १९९४ साली याच दिवशी, सीझनच्या शेवटच्या मॅचला, विम्बल्डनसमोर वीस मिनिटांत ०-२ ने मागे पडलेली टीम ३-२ ने जिंकली आणि प्रीमियर लीगमध्ये टिकली. मैदानाच्या एका बाजूच्या, पार्क एंडच्या, स्टँडचं काम चालू होतं, म्हणून लोक बाहेरच्या झाडांवर चढून मॅच बघत होते. ८१व्या मिनिटाला ग्रॅहम स्टुअर्टने मारलेल्या बॉलमध्ये फारसा जोरही नव्हता, पण गेला आत. १९९८ लाही शेवटच्या दिवशी कोव्हेंट्रीशी १-१ झाली आणि बोल्टनपेक्षा निव्वळ गोलफरकावर आपण वाचलो. हे दोन्ही दिवस गुडिसन पार्कवरचे, आपल्या घरच्या मैदानावरचे.

म्हणूनच चेल्सीला हरवल्यापासून जिथे बघावं तिथे एकच सूर आहे, गुडिसन आपल्याला वाचवणार. मला हे पटत नाही. गुडिसनवर माझंही तेवढंच प्रेम आहे. टिम केहिल आणि आर्टेटा आपल्याकडून खेळायचे त्या काळापासून ही टीम बघतोय. पण नुसत्या प्रेमाने टेबल बदलत नाही, आणि उद्याच्या मॅचकडे आपण "जे मिळेल ते बोनस" म्हणून बघणार असू तर फार मोठी चूक करतोय.

हिशोब मांडून बघा. आपण ३३ मॅचमध्ये ३२ पॉइंट्स घेऊन अठराव्या नंबरवर, म्हणजे खालच्या लीगमध्ये जाणाऱ्या शेवटच्या तिघांत. बर्नली आणि लीड्स दोघेही ३४ मॅचमध्ये ३४ वर. आपल्या पाच मॅच उरल्यात. उद्या लेस्टर, बुधवारी वॉटफर्ड, मग घरी ब्रेंटफर्ड आणि पॅलेस, शेवटी २२ मेला आर्सेनल. म्हणजे पाचपैकी तीन बाहेर. घरच्या दोन्ही जिंकल्या तरी ३८ होतात, आणि ३८ वर कोणालाही शांत झोप लागणार नाही. शिवाय या वेळी शेवटचा दिवस लंडनला आहे, आर्टेटा आता मॅनेजर आहे त्याच टीमसमोर, आणि त्यांना टॉप फोर, म्हणजे चॅम्पियन्स लीगमधली जागा हवीय. १९९४ पुन्हा घडायला या वेळी जागाच नाही.

आता बाहेरचा रेकॉर्ड. १६ मॅच, १ विजय, ३ ड्रॉ, १२ पराभव. तो एकमेव विजय ब्रायटनला, २८ ऑगस्टचा. मॅनेजर बेनिटेझला जानेवारीत काढलं, त्याच्या जागी लॅम्पार्ड आला, तरी बाहेरचा एकही विजय नाही. टॉटनहॅमला ०-५ झाली ती रात्र मला सर्वांत वाईट वाटली नव्हती. सर्वांत वाईट होती ६ एप्रिलची बर्नली. दोन पेनल्टी मिळाल्या, रिशार्लिसनने दोन्ही मारल्या, हाफटाइमला २-१ ने पुढे. त्यानंतर पुढची ४५ मिनिटं आपली टीम हळूहळू मागे मागे सरकत गेली. क्लिअर केलेला बॉल थेट त्यांच्याच पायात, पुन्हा क्रॉस, पुन्हा घाईघाईत क्लिअरन्स. रॉड्रिगेझने बरोबरी केली, ८५व्या मिनिटाला कोर्नेने तिसरा घातला. त्या वेळचे बर्नलीचे मॅनेजर शॉन डायश मॅचनंतर म्हणाले की हाफटाइमला त्यांनी स्वतःच्या पोरांना सांगितलं होतं, या एव्हर्टनला जिंकायचं कसं तेच माहीत नाही. ते ऐकून अंगाची लाही झाली, पण खोटं म्हणायला तोंड नव्हतं.

मग हे पोरांच्या कुवतीबाहेरचं आहे का? अजिबात नाही. मागचा सीझन आठवा. तेव्हाचे मॅनेजर आन्चेलोत्ती यांच्या हाताखाली आपण बाहेर ११ मॅच जिंकलो आणि घरी फक्त ६. आर्सेनल, टॉटनहॅम, आणि १९९९ नंतर पहिल्यांदा लिव्हरपूलचं ॲनफिल्डसुद्धा. (तेच आन्चेलोत्ती गेल्या बुधवारी रेआल माद्रिदला चॅम्पियन्स लीगच्या फायनलला घेऊन गेले. बघताना आनंद झाला आणि पोटात कालवलंही.) कोविडमुळे स्टेडियम रिकामी होती, हे मान्य. पण मला त्यातूनच दिसतं की पाय तेच आहेत. गोलकीपर पिकफर्ड तोच, कोलमन तोच, होल्गेट, डूकुरे, रिशार्लिसन तेच. डिसेंबर २०२० मध्ये लेस्टरच्या याच किंग पॉवर स्टेडियमवर आपण २-० ने जिंकलो होतो, गोल रिशार्लिसन आणि होल्गेटचे. बिघडलंय ते डोक्यात. पहिला गोल खाल्ला की खांदे पडतात, पहिला गोल केला की तो राखायची घाई सुटते.

क्लब कोणी आणि कसा या अवस्थेला आणला, तीन वर्षांत ३७ कोटी पौंडांच्या वर तोटा कसा झाला, यावर मालक मोशिरींना जाब विचारायचाच आहे. पण तो २२ मेनंतर.

लेस्टरचं म्हणाल तर त्यांच्यासाठी उद्याच्या मॅचवर काहीच अवलंबून नाही. टेबलच्या मधल्या भागात आहेत, खाली पडायची भीती नाही, वर जायची आशा नाही. परवा गुरुवारी रोमला कॉन्फरन्स लीगच्या सेमीफायनलमध्ये १-० ने हरून आलेत. तो गोल कसा गेला बघितलात ना? अकराव्या मिनिटाला कॉर्नर, रोमाच्या टॅमी अब्राहमचं हेडर. हा त्यांचा वर्षभराचा आजार आहे. कॉर्नर आला की त्यांच्या बॉक्समध्ये धांदल उडते, कोणी कोणाला धरायचं तेच ठरत नाही. म्हणून लॅम्पार्डने दोन दिवस फक्त कॉर्नर आणि फ्री-किकची प्रॅक्टिस घेतली तरी मी त्याला दोष देणार नाही. मात्र थकलेली टीम म्हणजे सोपी टीम नव्हे. वार्डी, मॅडिसन, बार्न्स यांना मोकळी जागा दिली तर संपलं. २० एप्रिलला घरी पाचव्याच मिनिटाला बार्न्सने गोल घातला होता, आणि रिशार्लिसनच्या बरोबरीसाठी इंज्युरी टाइमपर्यंत जीव टांगणीला होता.

टीम कशी असावी? चेल्सीविरुद्ध होती तशीच. मागे तीन जण, उजवीकडे इवोबी, डावीकडे मायकोलेंको, मध्ये डूकुरे आणि डेल्फ, पुढे ग्रे, गॉर्डन आणि रिशार्लिसन. इवोबीला आपण सगळ्यांनी किती बोल लावले! तोच माणूस आता ९० मिनिटं वर-खाली धावतो आणि मागे येऊन टॅकल करतो. गॉर्डन २१ वर्षांचा, आपल्याच ॲकॅडमीतला, त्याच्याकडे बॉल गेला की समोरचा फाऊल करतोच, आणि फ्री-किक तर आपल्याला हव्याच आहेत. मायकोलेंकोबद्दल वेगळं सांगायला हवं. २२ वर्षांचा पोरगा, जानेवारीत कीव्हहून आला, फेब्रुवारीत देशावर युद्ध कोसळलं. मँचेस्टर सिटीच्या मॅचआधी वॉर्म-अपला तो आणि सिटीचा युक्रेनियन खेळाडू झिन्चेन्को मैदानावर एकमेकांना घट्ट मिठी मारून उभे होते, ते दृश्य आठवलं की आजही गळा दाटून येतो. ज्याच्या डोक्यावर रोज घरच्या बातम्यांचं ओझं आहे तो दर आठवड्याला अधिक चांगला खेळतोय. बाकीच्यांनी त्याच्याकडे बघावं.

आणि पिकफर्ड. चेल्सीच्या मॅचमध्ये त्यांच्या माउंटचा शॉट एका पोस्टला लागून दुसऱ्या पोस्टला लागला, रिबाउंड अझ्पिलिक्वेटाच्या पायात, आणि खाली पडलेला पिकफर्ड उठून गोलच्या दुसऱ्या टोकाला झेपावला. त्या क्षणी त्याला गर्दीने ढकललं नव्हतं, तो स्वतः उठला. उद्या मला अकराही जणांकडून तेवढंच हवंय.

एक विनंती लॅम्पार्डला, इथून त्याच्यापर्यंत पोचणार नसली तरी. पुढे गेलो तर बर्नलीसारखे मागे बसू नका. ड्रॉसाठी खेळू नका. उद्या जिंकलो तर ३५ होतात, आणि वॉटफर्डला आपण घाबरून जाणार नाही.

आज संध्याकाळी बर्नलीची ॲस्टन व्हिलाशी मॅच आहे, ती बघा. उद्या लीड्स आर्सेनलकडे, आपल्याच वेळेला. आपली मॅच भारतीय वेळेनुसार साडेसहाला. यंदा आयपीएल मुंबई-पुण्यातच असल्यामुळे घरचा टीव्ही तिकडे असणार, मी मोबाईलवर बघेन. माझा अंदाज १-०, कॉर्नरवरून. तुमची टीम आणि तुमचा स्कोर खाली लिहा, आणि ज्यांना तीन जणांचा डिफेन्स पटत नाही त्यांनी कारणासकट लिहा.