मंगळवारची यादी कशी वाचावी

मेलबर्नला नवीन आलात ना, मग पहिल्या पंधरा दिवसांत ऑफिसमधलं कोणीतरी कॉफीच्या लाइनीत विचारणारच की तुमची फुटी (म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल) टीम कुठली. "मी फक्त क्रिकेट बघतो" हे उत्तर इथे चालत नाही, ते म्हणजे लग्नाला जाऊन "मी घरून जेवून आलोय" सांगण्यासारखं आहे. काहीतरी नाव घ्यावंच लागतं. माझं ऐकाल तर डोळे मिटून एसेंडन घ्या.

लोक हसतील, हसू द्या. 16 प्रीमियरशिप (म्हणजे लीगची विजेतेपदं) आहेत म्हणावं आमच्या, 2000 साली तर अख्ख्या सीझनमध्ये एकच मॅच हरलो होतो. त्यानंतरचं कोणी विचारलं तर फोन वाजल्यासारखं करून बाहेर जा, कारण फायनल्समधली, म्हणजे लीगनंतरच्या विजेतेपदाच्या फेरीतली, शेवटची मॅच आपण जिंकली ती सप्टेंबर 2004 मध्ये आणि तेव्हा जन्मलेली पोरं आता मतदान करतात. पण जिंकणारी टीम काय, कोणीही सांभाळेल हो. आपल्याला शिकायचंय ते वेगळंच शास्त्र आहे आणि त्याचा ग्रंथ दर मंगळवारी येतो, तो म्हणजे इंजुरी लिस्ट.

यादीत खेळाडूचं नाव, दुखणं आणि परतायला किती वेळ लागेल असे तीन रकाने असतात. पहिल्या दोनांवर विश्वास ठेवा. तिसरा रकाना मुंबई-गोवा हायवेच्या उद्घाटनाच्या तारखेसारखा वाचायचा. "1 ते 2 आठवडे" लिहिलंय? पुढच्या मंगळवारी परत "1 ते 2 आठवडे" दिसलं तर चिडू नका, काम चालू आहे. "टीबीसी" (टू बी कन्फर्म्ड) म्हणजे साहेब जागेवर नाहीत, उद्या या. "टेस्ट" म्हणजे शनिवारपर्यंत तुम्हाला टांगून ठेवणार आणि शेवटच्या क्षणी बाहेर काढणार, तोवर तुमची फँटसी टीम लॉक झालेली. "मॅनेज्ड" म्हणजे काहीही झालेलं नाही पण होऊ शकतं. आणि माझा सगळ्यात लाडका शब्द म्हणजे "हॅमस्ट्रिंग अवेअरनेस". खेळाडूला जाणीव झाली की आपल्याला हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, आहे. आपल्याकडे एवढ्या जाणिवेसाठी इगतपुरीला जाऊन दहा दिवस तोंड मिटून बसावं लागतं, इथे ती दुसऱ्या क्वार्टरमध्ये पळता पळता होते.

घरचे विचारतील की अहो एवढं लागतं कसं यांना, रग्बीसारखं अंगावर तर घेत नाहीत ना? घेतात हो, शिवाय पळतातही. मैदान क्रिकेटचंच, एमसीजी म्हटलं की तुम्हाला बॉक्सिंग डे आठवतो तेच, त्यावर 20-20 मिनिटांचे चार क्वार्टर आणि घड्याळ थांबत थांबत जातं म्हणून खरे तीस-तीस मिनिटांचे होतात, आणि मधल्या फळीतला गडी एका मॅचमध्ये बारा-तेरा किलोमीटर सहज पळतो, मध्येच उडी मारून दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून कॅच घेतो, खाली पडतो, उठतो, परत पळतो. आपण ट्रेडमिलवर वीस मिनिटं चालून सोफ्यावर आडवे होतो. तर दया ठेवा, पण दयेबरोबर यादीही वाचा.

आता मुख्य सल्ला, हा कोणी सांगणार नाही. आपले खेळाडू लवकर बरे व्हावेत अशी प्रार्थना अजिबात करू नका. 2025 चा सीझन आठवा (नवीन असाल तर कोणालाही विचारा, फक्त तो बसलेला असताना विचारा). मे महिन्यात रिचमंडला हरवलं तेव्हा आपण 6 जिंकून 4 हरलो होतो, लोक फायनल्सच्या तिकिटांचं बोलायला लागले होते. त्यानंतर उरलेल्या तेराच्या तेरा हरलो. आता सांगा, हे निरोगी टीमबरोबर झालं असतं तर काय तोंड दाखवलं असतं? पण देव दयाळू आहे. सॅम ड्रेपरचं अकिलीस (टाचेमागचा स्नायूबंध) गेलं, निक ब्रायनचा गुडघा गेला, म्हणजे बॉल वर उडाला की उडी मारून टोलवणारे दोन्ही ताडमाड रकमन बाद. मग निक मार्टिनचाही गुडघा, तेच ते एसीएल (गुडघ्यातलं लिगामेंट), म्हणजे पुढचं जवळजवळ वर्षभर नाव घ्यायचं नाही. एका सीझनमध्ये 15 पोरांनी पदार्पण केलं, आई-बाबा गॅलरीत रडताहेत, जर्सी देण्याचे व्हिडिओ दर आठवड्याला, अगदी गावाकडच्या सामुदायिक मुंजीसारखं वातावरण. आणि आपण सोफ्यावरून एकच वाक्य म्हणायचं, "हो हरलो, पण यादी बघितली का?"

या वाक्यात केवढी ताकद आहे ते कळतंय का? फॉरवर्डने समोरून पंचवीस मीटरवरून किक मारली आणि बाजूच्या खांबांतून घातली, त्याचा पाय पूर्ण बरा होता, तरी दोष यादीचा. (बाजूला गेला तरी या खेळात एक पॉइंट मिळतो बरं का, उत्तेजनार्थ बक्षीस देणारा हा एकच व्यावसायिक खेळ असावा, आपल्या सोसायटीच्या गणपतीत बसवायला हवा.) बॅकलाइनला माणूस कोणाला धरायचा तेच कळत नव्हतं, दोष यादीचा. तिसऱ्या क्वार्टरनंतर पाय चालायचे थांबले, यादी. फॉर्म नावाची गोष्ट असते हेच विसरायला झालं सगळ्यांना. उद्या सगळे फिट झाले आणि तरी चाळीस पॉइंटनी हरले तर? तेव्हा काय म्हणणार तुम्ही? म्हणून सांगतो, दुखापतीला नावं ठेवू नका, अब्रूवर पांघरूण तीच घालते.

तेवढ्यावरही त्या वर्षाचं समाधान झालं नव्हतं. मार्चमधली गोल्ड कोस्टविरुद्धची मॅच चक्रीवादळामुळे पुढे ढकलली होती, ती ऑगस्टच्या शेवटी एका बुधवारी ठेवली, बाकी सगळ्यांचा लीग सीझन संपल्यावर. म्हणजे बाकीचे क्लब एकतर फायनल्सची तयारी करताहेत नाहीतर बालीला निघालेत, आणि आपली उरलीसुरली मुलं विमानात बसून क्वीन्सलँडला हरायला गेली. ते जिंकून पहिल्यांदाच फायनल्सला गेले, म्हणजे पुण्यकर्मच झालं आपल्या हातून. अशा वेळी सहानुभूती भरपूर मिळते, ऑफिसात मला कोणीतरी केक आणून दिला होता. आणि सीझन संपल्यावर कॅप्टन झॅक मेरेट म्हणाला मला हॉथॉर्न क्लबला जायचंय. क्लब म्हणाला नाही. माझं मत विचाराल तर त्याला यादीची किंमत कळली नव्हती.

आई-बाबा मुंबईहून येणार असतील तर अजून एक सोय आहे. क्लबचं ट्रेनिंग सेंटर टुलामरीनला एअरपोर्टच्या शेजारीच आहे, त्यांना उतरवून घेताना गाडीतून बोट दाखवा. नाव आहे "द हँगर", आणि टीमचं टोपणनाव बॉम्बर्स. बाबा लगेच विचारतील की विमानं हँगरमध्ये दुरुस्तीलाच ठेवतात ना? हो म्हणायचं आणि पार्किंगचे पैसे भरायचे.

राहता राहिला प्री-सीझन, हा धोक्याचा काळ. डिसेंबरात, म्हणजे इथल्या कडक उन्हात, क्लब व्हिडिओ टाकतो, सगळे घामाघूम पळताहेत, कोणाचं वजन कमी झालंय, कोणी म्हणतो आयुष्यातलं बेस्ट प्री-सीझन आहे, आणि तुमच्या मनात नको ती आशा यायला लागते. घाबरू नका. व्हिडिओ मोठ्या स्क्रीनवर लावा, पळणाऱ्यांकडे बघू नका, मागे कुंपणाजवळ बघा. तिथे एकजण टोपी घालून जागच्या जागी सायकल चालवत असतो. त्याचा जर्सी नंबर लिहून ठेवा, मार्चमध्ये लागेल.