फिल्टर रोज धुतल्याने हौदाचे पाणी स्वच्छ राहत नाही

उन्हाळा लागला की मराठवाड्यात शेतावर किंवा घरामागे पोहण्याचा हौद बांधलेल्या लोकांमध्ये एक संदेश फिरू लागतो. त्यातले सल्ले थोडक्यात असे: वाळूचा फिल्टर रोज सकाळी बॅकवॉश करावा (म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून आतली वाळू धुवावी), वाळू दरवर्षी बदलावी, नदीची वाळूही चालते, पाणी गढूळ झाले की फिल्टर चालू ठेवूनच तुरटी टाकावी, कार्ट्रिजचा, म्हणजे घड्या घातलेल्या कापडी नळकांड्याचा फिल्टर असेल तर तो ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र केलेल्या पाण्यात भिजवावा, आणि पाण्यात क्लोरीन असल्यास पंप दिवसाला तासभर चालवला तरी पुरे. लातूरजवळच्या आमच्या मळ्यातला साठ हजार लिटरचा हौद मी स्वतः सांभाळतो. यातला एकही सल्ला जसाच्या तसा पाळण्याजोगा नाही, आणि एक तर जिवावर बेतणारा आहे. त्यामुळे आधी त्याच्याविषयी लिहितो.

ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे वर उडून न जाता खाली साचतो, आणि आपल्याकडे पंप व फिल्टर बहुधा जमिनीखालच्या खड्ड्यातच बसवलेले असतात. तिथे वाकून बादलीत कार्ट्रिज बुडवणाऱ्या गड्याच्या नाकातोंडाशीच तो वायू जमा होईल आणि त्याची फुप्फुसे भाजून निघतील. या दोन वस्तू एका बादलीत तर नकोतच, पण एका फळीवरही ठेवू नयेत. कार्ट्रिज साध्या नळीच्या पाण्याने, वरून खाली, एकेक घडी उघडत धुवावे. त्याला अंगाचे तेल आणि क्रीम चिकटलेले असेल तर कार्ट्रिजसाठी मिळणाऱ्या क्लीनरच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवावे. ॲसिडची गरज फक्त पांढरे क्षार बसले असतील तेव्हाच पडते. तीही तेल पूर्ण निघाल्यावर, कार्ट्रिज भरपूर पाण्याने खंगाळून, उघड्या हवेत आणि अगदी पातळ द्रावणात. द्रावण करताना पाण्यात ॲसिड ओतावे, ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नये.

आता रोजच्या बॅकवॉशविषयी. हा सल्ला सर्वांत पटण्याजोगा वाटतो, कारण रोज धुतलेली वस्तू अधिक स्वच्छ असते असे आपण धरून चालतो. वाळूच्या फिल्टरचे तसे नाही. नुकत्याच धुतलेल्या वाळूच्या कणांमधल्या फटी मोकळ्या असतात आणि त्यांतून बारीक माती सरळ निसटून परत हौदात येते. वाळूच्या वरच्या थरात थोडा मळ अडकला की त्या फटी अरुंद होतात आणि मग त्याहून बारीक कणही अडू लागतात. रोज बॅकवॉश करणारा माणूस फिल्टर नेमका चांगले काम करू लागला की त्याचे कामच मोडून टाकतो. आमच्याकडे पहिल्या उन्हाळ्यात हेच चालले होते आणि पाण्यावरचा धुरकटपणा काही केल्या जात नव्हता. बॅकवॉश केव्हा करायचा ते फिल्टरवरचा प्रेशर गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा, सांगतो. वाळू स्वच्छ असताना काटा जिथे असतो तिथे पेनाने खूण करून ठेवावी, आणि काटा त्याच्यावर ८ ते १० पीएसआय (दाबाचे एकक) चढला की बॅकवॉश करावा. मग तो आठवड्याने असो वा महिन्याने. त्या वेळी पाहण्याच्या काचेतून आधी चहासारखे तपकिरी पाणी जाते, पुढे ते फिके होत होत साधारण दोन-तीन मिनिटांत नितळ होते. तिथेच थांबावे, अर्धा-एक मिनिट रिन्स द्यावा, म्हणजे पाणी सुलट्या दिशेने वाळूतून सोडून बाहेर टाकावे, आणि मगच व्हॉल्व्ह ‘फिल्टर’वर आणावा. व्हॉल्व्हचा दांडा फिरवताना पंप प्रत्येक वेळी बंदच हवा, नाहीतर आतले रबरी सील फाटते.

पाण्याचा हिशेबही मांडला पाहिजे. तासाला १०,००० लिटर पाणी फिरवणारा पंप तीन मिनिटांच्या बॅकवॉशमध्ये ५०० लिटर पाणी बाहेर टाकतो. रोज केल्यास महिन्याला १५,००० लिटर, म्हणजे पाच हजारी टँकरच्या तीन खेपा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या पाण्याच्या रेल्वेत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. असे तीन हौद वर्षभर रोज बॅकवॉश झाले, तर त्याहून जास्त पाणी गटारात जाते. ते दिवस ज्यांनी रिकाम्या घागरी घेऊन रांगेत काढले, त्यांच्या गावात हा सल्ला फिरावा याचे मला फार वाईट वाटते.

चांगली वाळू पाच-सात वर्षे सहज टिकते. बोअरचे पाणी जड असेल तर क्षारांमुळे तिचे गठ्ठे बनतात, म्हणून वर्षातून एकदा झाकण उघडून हात घालून पाहावे. मोकळी असेल तर बदलू नये. बदलायचीच झाली तर साधारण अर्ध्या मिलिमीटरची, चाळून धुतलेली सिलिका वाळूच घ्यावी. गोदावरीची बांधकामाची वाळू कितीही स्वच्छ दिसली तरी तिच्यात जाड खडे आणि बारीक गाळ दोन्ही असतात.

तुरटीने पाणी निवळते हे खरेच आहे. रांजणात तुरटीचा खडा फिरवणाऱ्या आपल्या आजीला ते ठाऊक होते. पण रांजणातला गाळ ती तळाशी बसू देत असे. हौदातही पंप बंद ठेवूनच रात्रभर गाळ बसू द्यावा आणि सकाळी व्हॅक्यूमने, व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर ठेवून, तो थेट बाहेर काढावा. फिल्टर चालू असेल तर तोच चिकट गाळ वाळूवर थापला जातो.

राहिला तासभराचा पंप. क्लोरीन जंतू मारते, माती गाळत नाही. आमच्या हौदाचे सगळे पाणी एकदा फिरायला सहा तास लागतात, आणि गाळलेले पाणी न गाळलेल्यात मिसळत राहिल्याने त्या सहा तासांतही प्रत्यक्षात सुमारे ६३ टक्केच पाणी फिल्टरमधून गेलेले असते. बारा तासांत ते ८६ टक्क्यांवर जाते. उन्हाळ्यात आम्ही पंप आठ ते दहा तास चालवतो, आणि बॅकवॉशचे पाणी एका खड्ड्यात सोडून, दोन-तीन दिवस उन्हात ठेवून, क्लोरीन उडाल्याचे टेस्ट किटने पाहिल्यावरच बांधावरच्या कडुनिंबांना आळीपाळीने देतो.