"आठ वर्षांत भारतीयांचं उत्पन्न दुप्पट": आकडे खरे, अर्थ चुकीचा

मार्च 2023 मध्ये एक बातमी सगळीकडे पोचली आणि तिचे तुकडे अजूनही फिरताहेत. 2014-15 मध्ये भारताचं दरडोई उत्पन्न 86,647 रुपये होतं, 2022-23 मध्ये ते 1,72,000 रुपयांवर गेलं, म्हणून आठ वर्षांत भारतीय माणसाचं उत्पन्न दुप्पट झालं, असा तो दावा. दोन्ही आकडे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे आहेत आणि भागाकारही बरोबर आहे, 1.985 पट. चूक आहे ती त्यावरून काढलेल्या अर्थात. शिवाय या एका दाव्याभोवती आणखी सहा समज जमा झाले आहेत, काही त्याच्या बाजूचे, काही विरोधातले. एकेक करून पाहू.

"86 हजारांचे 1 लाख 72 हजार झाले, म्हणजे दुप्पट"

हे दोन्ही आकडे चालू किंमतींचे आहेत. 2014-15 चं उत्पन्न 2014-15 च्या भावांनी मोजलेलं आणि 2022-23 चं 2022-23 च्या भावांनी. मधल्या काळात तेल, भाडं, शाळेची फी, सिमेंट सगळं महागलं. ती महागाईसुद्धा या वाढीत उत्पन्न म्हणून मोजली गेली आहे.

सांख्यिकी कार्यालय हेच उत्पन्न स्थिर किंमतींनीही देतं, म्हणजे सगळ्या वर्षांचं उत्पादन एकाच आधारवर्षाच्या, त्या वेळच्या मालिकेत 2011-12 च्या, भावांनी मोजून. त्या हिशेबात 2014-15 चं दरडोई उत्पन्न 72,805 रुपये आणि 2022-23 चं 98,118 रुपये. वाढ 35 टक्के. आठ वर्षांवर चक्रवाढीने पसरली तर वर्षाला सुमारे 3.8 टक्के. या वेगाने खऱ्या अर्थाने दुप्पट व्हायला साडेअठरा वर्षं लागतात.

या चार आकड्यांतून महागाईही काढता येते, वेगळा तक्ता लागत नाही. 86,647 ला 72,805 ने भागा, 1.19 येतात, 2014-15 मध्ये भाव 2011-12 च्या मानाने 19 टक्के वर होते. 1,72,000 ला 98,118 ने भागा, 1.753 येतात. या दोन भागाकारांचं गुणोत्तर 1.473, म्हणजे आठ वर्षांत भाववाढ सुमारे 47 टक्के. चालू आकड्याला स्थिर आकड्याने भागून येणाऱ्या या भागाकारालाच डिफ्लेटर म्हणतात. तात्पर्य, "दुप्पट"मधला मोठा वाटा भावांचा आहे आणि लहान वाटा वाढलेल्या उत्पादनाचा.

चालू किंमतींची तुलना किती फसवी होऊ शकते ते काळ लांबवला की दिसतं. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली 1949 मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव होते. त्या समितीने 1948-49 साठी दरडोई उत्पन्न सुमारे 247 रुपये धरलं. तिथून 1,72,000 म्हणजे जवळपास 700 पट. भारतीय माणूस 700 पट सधन झाला असं कुणीच म्हणणार नाही. मग आठ वर्षांच्या तुलनेत तीच पद्धत चालवून का घ्यायची?

"मग सगळी महागाईच, वाढ फक्त कागदावरची"

हा उलट बाजूचा दावा, आणि तोही टिकत नाही. त्यामागचा युक्तिवाद असा: सरकारी डिफ्लेटर महागाई कमी दाखवतो, म्हणून स्थिर किंमतींची वाढ फुगते. यात एक खरी तांत्रिक अडचण दडलेली आहे, तिच्याकडे नीट पाहायला हवं.

उदाहरण म्हणून एक कारखाना घ्या. 100 रुपयांचा माल काढतो, त्यात 60 रुपयांचा कच्चा माल, म्हणून मूल्यवर्धन 40. पुढच्या वर्षी तेवढाच माल, तेवढाच कच्चा माल. पण कच्च्या मालाचा भाव 20 टक्क्यांनी उतरला आणि तयार मालाचा 5 टक्क्यांनी. आता विक्री 95, खर्च 48, मूल्यवर्धन 47. या 47 ला फक्त तयार मालाच्या निर्देशांकाने, 0.95 ने, भागलं तर 49.5 येतात. कारखान्याने एक नगही जास्त काढला नाही, तरी 24 टक्के "वाढ" दिसली. ही एकेरी पद्धत. दुहेरी पद्धतीत माल आणि कच्चा माल आपापल्या भावाने जुन्या किंमतीवर आणतात. मग 100 वजा 60, म्हणजे 40, वाढ शून्य. 2011-12 च्या मालिकेत कारखानदारीसाठी एकेरी पद्धत वापरली जात होती, तीही बरीचशी घाऊक किंमत निर्देशांकावर टेकलेली.

2015-16 मध्ये नेमकं हेच आडवं आलं. कच्चं तेल कोसळलं, घाऊक निर्देशांकाचा वाढदर शून्याखाली गेला, ग्राहक महागाई मात्र पाच टक्क्यांच्या आसपास होती. त्या एका वर्षाच्या वाढीबद्दल शंका घेणं रास्त आहे.

पण आठ वर्षांच्या बेरजेवर ती शंका लागू होते का? तपासणं सोपं आहे. ग्राहक किंमत निर्देशांक (2012 = 100) 2014-15 मध्ये सरासरी 119 च्या जवळ होता आणि 2022-23 मध्ये 174.7. वाढ 47 टक्के, डिफ्लेटरइतकीच. घाऊक निर्देशांक एका वर्षी खाली ओढतो, दुसऱ्या वर्षी वर. 2021-22 मध्ये तो दोन अंकी वाढला होता. लांब पल्ल्यात दोन्ही मोजमापं जवळ आली. 2014-15 चे 86,647 रुपये ग्राहक निर्देशांकाने 2022-23 च्या भावांवर आणले तर सुमारे 1 लाख 27 हजार होतात. तिथून 1,72,000 म्हणजे पुन्हा 35 टक्केच. निदान या दोन टोकांच्या वर्षांपुरतं "वाढ झालीच नाही" म्हणायला जागा नाही. 35 टक्के ही दुप्पट नव्हे आणि शून्यही नव्हे.

"स्थिर किंमतींचे आकडे घेतले की झालं"

नाही. दोन्ही आकडे एकाच मालिकेतले असावे लागतात. 2013-14 चं स्थिर किंमतींचं दरडोई उत्पन्न जुन्या मालिकेत (आधारवर्ष 2004-05) सुमारे 39,900 रुपये होतं. नव्या मालिकेत त्याच वर्षाचं, त्याच लोकांचं उत्पन्न 68,572 रुपये. कुणी जुना 2013-14 चा आकडा उचलून 2014-15 च्या 72,805 शेजारी ठेवला तर एका वर्षात 82 टक्के वाढ "सिद्ध" होते. खरी वाढ 68,572 वरून 72,805, म्हणजे सहा टक्क्यांच्या थोडी वर. दोन मालिकांमधल्या फरकाचा मोठा भाग केवळ 2004-05 ऐवजी 2011-12 चे भाव धरल्याने आला. उरलेला नव्या माहितीस्रोतांमुळे आणि घटक खर्चाऐवजी (म्हणजे अप्रत्यक्ष कर वगळून, अनुदानं धरून) बाजारभावाने मोजल्यामुळे.

मालिका जोडायची असेल तर दोन्हींत असलेलं एक वर्ष घ्यायचं, नव्या आकड्याला जुन्याने भागायचं आणि त्या गुणकाने जुनी सगळी वर्षं गुणायची. यात जुने वाढदर जसेच्या तसे राहतात, आणि तोच या युक्तीचा कच्चा दुवा आहे. पद्धत बदलली की वाढदरही बदलतात. नोव्हेंबर 2018 मध्ये 2011-12 आधारवर्षावर मागची वर्षं पुन्हा मोजली गेली, तेव्हा 2010-11 चा जीडीपीचा (देशात वर्षभरात तयार झालेल्या एकूण मूल्याचा) वाढदर 10.3 वरून 8.5 टक्क्यांवर आला. म्हणून अधिकृत मागील मालिका असेल तर तीच वापरावी, स्वतः गुणाकार करत बसू नये. आधारवर्ष फार काळ न बदलण्याचा परिणाम नायजेरियाने दाखवला. 1990 चं आधारवर्ष एप्रिल 2014 मध्ये बदलून 2010 केलं आणि जीडीपी 89 टक्क्यांनी वर गेला, एकाही जादा कारखान्याशिवाय. 2011-12 नंतरचं आधारवर्ष भारताने 2022-23 ठरवलं. त्या मालिकेतला स्थिर किंमतींचा आकडा जुन्या मालिकेतल्या आकड्याशेजारी ठेवला की हीच गफलत पुन्हा होणार.

"माणशी महिना 14,333, पाच जणांच्या घरात 71 हजार येतात"

आपल्याकडे बातम्यांत ज्याला दरडोई उत्पन्न म्हणतात ते दरडोई निव्वळ राष्ट्रीय उत्पन्न असतं. ते काढताना जीडीपीत परदेशाशी झालेली उत्पन्नाची निव्वळ देवघेव मिळवतात, की स्थूल राष्ट्रीय उत्पन्न मिळतं. त्यातून यंत्रं, इमारती, रस्ते यांचा घसारा वजा करतात आणि लोकसंख्येने भागतात. 2022-23 च्या त्या अंदाजात जीडीपी सुमारे 272 लाख कोटी रुपये होता, निव्वळ राष्ट्रीय उत्पन्न सुमारे 238 लाख कोटी.

या 238 लाख कोटींत कंपन्यांनी न वाटलेला नफा आहे, सरकारला मिळणारा जीएसटी (अनुदानं वजा करून) आहे, स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं मानीव (प्रत्यक्ष न दिलेलं, पण हिशेबात धरलेलं) भाडं आहे, शेतकऱ्याने घरी खाल्लेलं धान्यही आहे. हे राष्ट्राचं उत्पन्न आहे, घरात येणारी रोकड नव्हे. शिवाय ही सरासरी आहे. वरच्या थोड्यांचं उत्पन्न वेगाने वाढलं तर सरासरी चढते आणि मधल्या माणसाचं उत्पन्न जागेवरच राहू शकतं. हा आकडा वाटपाबद्दल काही सांगत नाही, तसा तो बांधलेलाच नाही. घरांची स्थिती पाहायची तर घरगुती खर्चाची पाहणी आणि रोजंदारीचे दर पाहावे लागतात.

"आखातातून, अमेरिकेतून येणाऱ्या पैशाने हा आकडा फुगलाय"

घरी पाठवलेला पैसा स्थूल राष्ट्रीय उत्पन्नात धरलाच जात नाही. जागतिक बँकेच्या मोजणीनुसार 2022 मध्ये भारतात 100 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम अशी आली. ती हस्तांतरण समजली जाते आणि पुढच्या पायरीवर, राष्ट्रीय खर्चयोग्य उत्पन्नात, मिळवली जाते. राष्ट्रीय उत्पन्नात येतं ते निवासी व्यक्तीने परदेशात कमावलेलं वेतन, व्याज, लाभांश. निवास ठरतो साधारण वर्षभराच्या मुक्कामावर, पासपोर्टवर नाही. दुबईत दहा वर्षं राहिलेला अभियंता तिथला निवासी. परदेशी जहाजावर काम करून घरी परतणारा रत्नागिरीचा किंवा गोव्याचा खलाशी मात्र भारताचा निवासी, म्हणून त्याचा पगार आपल्या राष्ट्रीय उत्पन्नात येतो.

आणि भारतासाठी ही निव्वळ देवघेव उणे आहे. परदेशी गुंतवणूकदारांना आपण देतो ते नफा-व्याज, आपल्याला मिळतं त्याहून जास्त. फरक जीडीपीच्या साधारण एक ते दीड टक्का. त्यामुळे आपलं राष्ट्रीय उत्पन्न जीडीपीहून कमीच असतं, फुगलेलं नाही.

आयर्लंडमध्ये चित्र वेगळं आहे. 2015 मध्ये बहुराष्ट्रीय कंपन्यांनी बौद्धिक संपदा तिथे हलवली आणि जीडीपी एका वर्षात सुमारे 25 टक्क्यांनी वाढला. राष्ट्रीय उत्पन्नही फुगल्याने तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला 2017 पासून वेगळं "सुधारित" राष्ट्रीय उत्पन्न द्यावं लागलं. त्यातून त्या बौद्धिक संपदेचा आणि भाड्याने दिलेल्या विमानांचा घसारा, तसंच केवळ नोंदणीपुरत्या तिथे आलेल्या कंपन्यांचा नफा वगळला. 2016 साठी हा आकडा जीडीपीहून जवळजवळ एक तृतीयांश कमी निघाला.

"महाराष्ट्राचं दरडोई उत्पन्न देशाहून कितीतरी जास्त"

जास्त आहे, पण दोन्ही आकडे एका जातीचे नाहीत. राज्याचा आकडा निव्वळ राज्य देशांतर्गत उत्पादनाचा असतो. राज्याच्या हद्दीत काय तयार झालं ते तो सांगतो, ते कुणाच्या हाती गेलं ते नाही. मुंबईत निर्माण झालेलं मूल्य महाराष्ट्राच्या खात्यात पडतं, त्यातला लाभांश देशभर आणि देशाबाहेर जातो. मुंबईतून कोकणातल्या घरी पाठवलेला पगार सिंधुदुर्गाच्या जिल्हा उत्पन्नात दिसत नाही. राज्यांच्या सीमांवर अशा पैशाची नोंद होत नाही, म्हणून राज्याचं "राष्ट्रीय उत्पन्न" काढण्याची सोयच नाही. गोव्यासारख्या छोट्या, पर्यटनावर चालणाऱ्या राज्यात हा फरक आणखी महत्त्वाचा ठरतो.

"डॉलरमध्ये पाहा, म्हणजे महागाईचा प्रश्नच नाही"

2014-15 मध्ये डॉलर सरासरी 61 रुपयांना होता, 2022-23 मध्ये 80 ला. त्या हिशेबात 1,420 डॉलरचे 2,150 झाले, वाढ 51 टक्के. पण यात डॉलरची स्वतःची महागाई आहेच आणि विनिमय दराची हालचालही मिसळली आहे. ती हालचाल बोथट करण्यासाठी जागतिक बँक तिच्या ॲटलस पद्धतीत तीन वर्षांच्या दरांची, महागाईतला फरक जुळवून, सरासरी घेते. ती देशांची गटवारी करण्यासाठी आहे, एका देशाची कालानुरूप वाढ मोजण्यासाठी नाही.

ज्यांना हा हिशेब स्वतः करायचा आहे त्यांनी तक्त्याच्या शीर्षकात तीन गोष्टी आधी वाचाव्यात: किंमती चालू की स्थिर, आधारवर्ष कोणतं, आणि अंदाज कोणत्या फेरीचा. जानेवारीत पहिला अग्रिम अंदाज येतो, फेब्रुवारीअखेर दुसरा, मेअखेर तात्पुरता, मग पुढच्या वर्षांत सुधारित. 1,72,000 हा दुसरा अग्रिम अंदाज होता. फेब्रुवारी 2024 च्या सुधारित अंदाजात तो 1,69,496 झाला आणि स्थिर किंमतींचा आकडा मात्र 98,118 वरून 99,404 वर गेला. चालू किंमतींची वाढ खाली आली, खरी वाढ साडेछत्तीस टक्के झाली. दोन्ही टोकांना उपलब्ध असलेली ताजी फेरी घ्यावी.

भाजक म्हणून धरलेली 138.3 कोटी लोकसंख्यासुद्धा 2011 च्या जनगणनेवरून पुढे ओढलेला अंदाज आहे. 2027 च्या गणनेत प्रत्यक्ष संख्या एक टक्क्याने कमी निघाली तर दरडोई उत्पन्न तेवढंच वर जाईल, आणि 2011 नंतरची मधली सगळी वर्षंही त्या प्रमाणात पुन्हा मोजावी लागतील.