फ्लास्क थंड होतो, रिॲक्टर नाही

या लेखाचे लेखक म्हणतात, छोट्या केमिकल कारखान्यांनी सल्लागारांवर पैसे घालवण्यापेक्षा लॅबमधली प्रोसेस थेट प्लांटवर घ्यावी. अंबडला शिफ्ट इंचार्ज असताना मी हेच भोगलंय. रिॲक्शनमधून उष्णता निघायची, पण लॅबमध्ये एक लिटरच्या फ्लास्कखाली बर्फाचं भांडं ठेवलं की भागायचं. तीच बॅच हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये (प्लांटवरच्या मोठ्या भांड्यात) घेतली, तर तापमान बघता बघता ४० वरून ७० वर! रिॲक्टरभोवतीच्या जॅकेटमध्ये थंड पाणी पूर्ण सोडलेलं, तरी काटा वरच. डोसिंगचा, म्हणजे माल थोडा थोडा आत सोडायचा, व्हॉल्व्ह बंद केला म्हणून वाचलो.

गणित शाळेतलंच आहे. भांडं सगळ्या बाजूंनी दहापट केलं की माल हजारपट होतो, पण भिंत शंभरपटच. म्हणजे दर लिटरमागे उष्णता बाहेर काढायला जागा एक दशांश.

नंतर आलेल्या सल्लागार बाईंनी पहिलंच विचारलं, "स्टरर (ढवळणी) मध्येच बंद पडला आणि डोसिंग चालूच राहिलं तर?" सगळे गप्प. न मिसळलेला माल साठत जातो आणि स्टरर पुन्हा सुरू केला की एकदम पेटून उठतो, हे तेव्हा कळलं. त्यांनी कॅलरीमीटरवर (किती उष्णता निघते ते मोजणाऱ्या यंत्रावर) चाचणी करून घेतली आणि डोसिंगचा वेळ २ तासांवरून ६ वर नेला. शेठ महिनाभर कुरकुरत होते.

फी जास्त असते, हे मात्र मान्य. नुसती ड्रॉइंग्ज देऊन गायब होणारेही पाहिलेत. पहिल्या तीन बॅचना माणूस प्लांटवर हजर राहणार का, ते ऑर्डरमध्येच लिहून घ्या.