हिरवा संसार, परवडणाऱ्या दरात

जुन्या मराठीत 'कुटुंब' म्हणजे बायको. 'आमचं कुटुंब माहेरी गेलंय' असं पणजोबांच्या वेळचा माणूस सांगे, तेव्हा घरात आई, दोन आत्या आणि सहा पोरं हजर असत. तरी कुटुंब गेलेलं असे आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर कळे. पुढे हा अर्थ मागे पडला. तो परत वापरात आणावा असं माझं मत आहे. कारण नाताळच्या सुट्टीत पर्यावरणपूरक, आरोग्यदायी आणि खिशाला परवडणारं कौटुंबिक जीवन कसं जगावं, असं मला बरेच जण विचारतात (विचारत नाहीत, पण मी सांगतो), आणि माझं उत्तर ठरलेलं असतं: आधी घरात कुटुंब पाहिजे.

बाकीचं सोपं आहे. सत्यनारायणाला यजमान विधी करतो आणि बायको त्याच्या हाताला हात लावून पुण्याची वाटेकरी होते. हरित संसारात हेच उलटं करायचं. विधी तिने करायचा, आपण हाताला हात लावायचा. संकल्प मात्र आपणच सोडायचा. २४ डिसेंबरची रात्र त्याला चांगली, जेवणं झाल्यावर, सोफ्यावरून.

सुरुवात अंघोळीपासून करा. २ किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट जातं. हे वाक्य कागदावर लिहून बाथरूमच्या दाराला बाहेरून चिकटवा. आतून वाफेने शाई पसरते. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर आहे. पुण्यात सोलर, गांडूळखत, पावसाचं पाणी साठवणं यांपैकी एक काही असलं तर मिळकतकरात ५ टक्के सवलत मिळते, दोन असली तर १०, म्हणून आमच्याकडे तिन्ही आहेत. गांडूळखताच्या खड्ड्यात हल्ली वॉचमन सायकल ठेवतो, पण सोलर खरोखर चालतो. फक्त टाकीतलं गरम पाणी जो आधी उठेल त्याचं, आणि ते यायच्या आधी पाइपातलं रात्रभराचं गार पाणी सोडून द्यावं लागतं. आमचं कुटुंब साडेपाचला उठतं. ते गार पाणी दोन बादल्यांत धरतं, एक कुंड्यांना, एक फरशीला. मग आईची अंघोळ, मुलांच्या अंघोळी, स्वतःची. मी साडेआठला उठतो तोवर सोलर संपलेला असतो, म्हणून नाइलाजाने गीझर लावतो. बादलीभर पाण्याला साधारण अर्धं युनिट लागतं. घरात माणसं पाच. म्हणजे दरडोई एक दशांश युनिट. युरोपातल्या भल्याभल्या देशांना हे जमलेलं नाही.

व्यायाम. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि शेकोट्यांचा धूर, रस्त्याची धूळ, सगळं खालीच कोंडून राहतं. ऊन चढलं की झाकण निघतं. थोडक्यात, उशिरा उठणं फुप्फुसांना हितकर आहे, आणि हे मी नाही, हवामानशास्त्र म्हणतं. मी साडेनऊला मोटार काढून तळजाईच्या टेकडीवर चालायला जातो. गाडी लावायला जागा शोधताना तीन फेऱ्या होतात, त्या चालण्यात धराव्यात. नंतर कारल्याचा रस. त्याच्यानंतर तोंडाची चव जावी म्हणून मिसळ.

आता आहार, म्हणजे खरा मुद्दा. हिवाळ्यासारखा स्वस्त आणि पौष्टिक ऋतू नाही. मटार, सोलाणे, गाजर, आवळे, बोरं, पावटा, चाकवत, सगळं एकदम येतं. सोललेला गोठवलेला मटार घ्यायचा नाही, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळतो आणि शिवाय महाग. आपण मार्केट यार्डात जायचं आणि दहा किलो शेंगा आणायच्या. हे पुरुषाचं काम आहे. घासाघीस करावी लागते, पोतं उचलावं लागतं, लिफ्टपर्यंत आणावं लागतं. दहा किलोंत निम्मेही दाणे निघत नाहीत, उरतात ती टरफलं, पण टरफलं ओल्या कचऱ्यात जातात आणि ओला कचरा म्हणजे खत, म्हणजे तोही फायदाच. शेंगा सोलायला आमच्याकडे आई आणि कुटुंब रात्री साडेअकरापर्यंत बसतात. मी समोर बसून सोबत करतो. अळी निघाली की मला दाखवतात, आणि मी सांगतो की अळी असणं ही फवारणी न केल्याची खूण आहे.

मग डिंकाचे लाडू. विकतच्या लाडवात काय घालतात देव जाणे. घरी करायचे. खारकांच्या बिया काढून त्या कुटायच्या, खोबरं किसून मंद आचेवर भाजायचं, डिंक चमचा-चमचा तुपात फुलवायचा. घाई करून एकदम टाकला तर आतून कच्चा राहतो आणि दाढेला चिकटतो. हे मला माहीत आहे कारण एकदा चिकटला होता आणि मी बोलून दाखवलं होतं. लाडू वळून झाले की मी वजन करतो आणि एक्सेलमध्ये भरतो. आमचा लाडू बाजारापेक्षा निम्म्या भावात पडतो. माल, वाहतूक, गॅस असे तीन रकाने आहेत. पूर्वी मजुरीचाही होता, पण त्यात सगळीकडे शून्यच यायचं, उगाच पान भरायचं, म्हणून काढून टाकला.

या बाबतीत मी डोळे मिटून बोलत नाही. लोक दिवसाचे तास कुठे घालवतात याची पाहणी सरकारने २०१९ साली देशभर केली. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. सत्त्याण्णव! वाचून मी कंबरच धरली. पुन्हा नीट वाचलं तेव्हा लक्षात आलं, हे आकडे जे घरकाम करतात त्यांचे आहेत, आणि असे पुरुष शंभरात २६ निघाले. उरलेल्या ७४ जणांच्या नावावर एकही मिनिट नाही. जीव भांड्यात पडला. भांडं सिंकमध्ये ठेवलं.

पिशव्यांचं थोडक्यात सांगतो. प्लॅस्टिक नको, कापडी हवी, हे आता लहान पोरालाही कळतं. आमच्याकडे ४३ आहेत. लग्नात मिळालेल्या, साडीच्या दुकानातल्या, दंतवैद्याच्या, निवडणुकीतल्या. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली हिशोब मांडला होता की पर्यावरणावरचे सगळे परिणाम धरले तर सुती पिशवी ७,१०० वेळा वापरावी लागते, तेव्हा कुठे ती साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या पंगतीला बसते. सेंद्रिय सुताची असेल तर २०,००० वेळा. (नुसतं हवामानबदलाचं पाहिलं तर साधी सुती पिशवी ५२ वेळांतच सुटते, पण आपण एवढं कमी का धरावं?) आमच्या ४३ पिशव्या साध्याच सुताच्या धरल्या आणि रोज एक वापरली, तर काम ८३६ वर्षांत संपतं. मी मुलाला आत्तापासून कल्पना देऊन ठेवली आहे. दुकानात मात्र मी नेहमी मोकळ्या हातांनी जातो, कारण आमच्या कुटुंबाच्या पर्समध्ये घडी घातलेली एक असतेच, आणि ती बरोबर नसली तर दुकानदाराकडे असते.

सुट्टी म्हटलं की मुलांना शाळेचा प्रकल्प. आमच्या मुलाला यंदा, अर्थात, 'टाकाऊतून टिकाऊ'. शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर यादी आली: दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्या दोन, आइस्क्रीमच्या काड्या पन्नास, जुन्या सीडी चार, वापरलेल्या बांगड्या, चमकी, ग्लू गन. आता पंचाईत अशी की आमच्या घरात टाकाऊ काही नसतंच. जुन्या चादरीची पायपुसणी होतात, पायपुसण्यांची फडकी होतात, फडकी कुठे जातात मला माहीत नाही. दोन लिटरची बाटली या घरात येतच नाही. म्हणून मी आणल्या. दोन बाटल्या शीतपेय. एक आम्ही तीन दिवसांत संपवली. दुसरी बेसिनमध्ये ओतली, कारण आरोग्य. काड्यांसाठी पन्नास आइस्क्रीमं खाणं डिसेंबरात योग्य नव्हे, म्हणून बोहरी आळीतून कोऱ्या काड्यांचं पाकीट घेतलं. जुन्या सीडी कुणाकडे नव्हत्या, मग नवीन घेतल्या आणि मुलाने त्यांवर चरे पाडले, जुन्या दिसाव्यात म्हणून. बांगड्या आईच्या होत्या. एकूण खर्च ७४० रुपये, त्यात माझं पेट्रोल धरलेलं नाही.

त्यातून पवनचक्की करायची होती, खाली पृथ्वी. मुलगा पावणेदहाला झोपला. मी सव्वादहाला. सकाळी टेबलावर पवनचक्की उभी होती, फिरत होती, आणि पृथ्वीवर भारताचा नकाशा अगदी नीट काढलेला होता. मुलाने खूप मेहनत घेतली असं मी शेजाऱ्यांना सांगितलं. शाळेत प्रदर्शन झालं, दुपारी प्रकल्प परत घरी, संध्याकाळी कचऱ्याच्या बादलीशेजारी. दुसऱ्या दिवशी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी तो हातात फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "नुसती बाटली दिली असती तर भंगारात गेली असती. आता हिला रंग लागला, गोंद लागला, चमकी लागली. हिला कोण घेणार?" मला त्यांचं बोलणं जरा निराशावादी वाटलं. टिकाऊ तर झाली ना?

शेवटचं, सहल. हिवाळ्यात हुरडा पाहिजे. गेल्या वर्षी आम्ही पुण्यापासून ६० किलोमीटरवर गेलो होतो, माणशी १,२०० रुपये. पाच माणसं, सहा हजार, पेट्रोल वेगळं. निसर्गाच्या सान्निध्यात राहता यावं म्हणून त्यांनी डीजे लावला होता. बैलगाडीपाशी फोटोची रांग होती. पाणी सीलबंद बाटल्यांत होतं, कारण गावाकडचं पाणी बाधतं. आगटीपाशी एक पोरगा कणसं भाजत होता. आमच्या कुटुंबाने त्याच्या हातातून एक कणीस घेतलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारली, चार दाणे तोंडात टाकले आणि म्हणालं, "निबर झालाय." एवढंच. परतीच्या वाटेवर कुणी विशेष बोललं नाही. कुटुंबाचं माहेर मंगळवेढ्याचं आहे, तिथल्या काळ्या रानातल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, हे मी एक्सेलच्या कोपऱ्यात कधीच नोंदवलं नव्हतं. मेहुण्याचा फोन दर डिसेंबरात येतो. मी म्हणतो, बघू.

यंदा २४ तारखेला रात्री मी संकल्प सोडला. प्लॅस्टिक नाही, पेट्रोल नाही, बाहेरचं खाणं नाही, खर्च निम्मा. कुटुंब शेंगा सोलत होतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालं, "अहो, पटलं मला."

२५ ला सकाळी सात वाजता दाराशी दोन कापडी पिशव्या भरून ठेवलेल्या होत्या. एकीत लाडवांचा डबा होता, सगळा. कुटुंब स्वारगेटला निघालं होतं, एसटीने. मी हिशोब तपासला, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. बायकांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. मुलगी १४ ची, तीही त्यातच. मुलगा ९ चा, त्याला लहान म्हणून अर्धं. म्हणजे तिघांची मिळून दीड तिकिटं. पंचाहत्तरीपुढच्यांना तर एसटी फुकट, आणि आई ७८ ची. तिने शाल आधीच गुंडाळली होती.

"मी गाडीने सोडतो ना," मी म्हणालो.

"पेट्रोल जाळायचं नाही असं ठरलंय," कुटुंब म्हणालं. "आणि हो, शेंगा राहिल्यात चार किलो. फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात."

तेव्हापासून घरात कमालीची शांतता आहे. सोलरचं पाणी मला अजून मिळालेलं नाही, पण गीझर एकाच माणसासाठी लागतो, तेव्हा दरडोई आकडा थोडा बिघडला आहे. मंगळवेढ्याहून फोटो येतात. आगटी, आई खाटेवर उन्हात, मुलाच्या तोंडाला काळं, मुलीच्या हातात गुळाचा खडा. कुटुंब कुठल्याच फोटोत काम करताना दिसत नाही, बहुतेक फोटो तेच काढत असावं. ३१ पर्यंत येतील असं वाटलं होतं. आता भोगी करूनच येऊ म्हणतात. मुलांच्या शाळेचं काय असं विचारलं, तर प्रकल्प जमा झालाय असं उत्तर आलं.

मी जेवण बाहेरून मागवतो. तात्पुरतं. एका भाजीबरोबर तीन डबे येतात, दोन चमचे, आणि कांदा वेगळ्या पिशवीत. डबे चांगले जाड आहेत, फेकवत नाहीत. सतरा जमलेत. पुढच्या वर्षीच्या टाकाऊतून टिकाऊला उपयोगी पडतील. कुटुंब आलं की धुऊन ठेवील, म्हणून सिंकमध्ये रचून ठेवलेत.